डोंगे बदला

पुनमचा डोंगा जिंकला, तवा मले असा राग आला का विचारू नका. पुनम नाई, डोंगा! हे मी तिथीच तळ्याच्या पाळीवर साऱ्यांपुढं बोलली.

आमच्या धिवरांच्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तळ्यात डोंग्यांची शर्यत होते. औंदा नागपूरचे एक साहेब आले होते. जिंकनाऱ्या पोट्टीले ते वल्हवायच्या कॅम्पले नेनार होते. राहनं, खानं, शिकवनं सारं फुकट, पन जागा एकच. माही पोट्टी डिंपल पोळ्यापासून रोज जाळं ओढून झालं का वल्हं मारत बसे. हाताले घट्टे पडले पोरीच्या.

अन् धनराजभाऊच्या पुनमवर वडसाच्या एका मिलवाल्यानं पैसा लावला. फायबरचा डोंगा देल्ला, बाजूले मिलचं नाव रंगवून. हलका असा का दोन पोट्ट्या डोक्यावर घेऊन पळतीन. वल्हंबी तसंच. मनगटात घड्याळ, ते म्हने काळजाचे ठोके मोजते! आमचा डोंगा लाकडाचा, वरून गळका. पुनम भुर्रकन निघून गेली, डिंपल मांगंच राह्यली. काठावर आली अन् वल्हं आपटून देल्लं.

"साहेब," मी म्हनलं, "तुमी पोट्टी नेऊन राह्यले का डोंगा?"

धनराजभाऊ चिडले. "इंदिराबाई, हरलं का असंच सुचते मानसाले."

"सुचू द्या ना! जाळं टाकाले जातो तवा चांगला डोंगा एकाच्याच बुडाखाली राह्यते काय? आज तुमी, उद्या आमी. मंग इथी काऊन नाई? डोंगे बदला, अन् होऊ द्या परत!"

साहेब नुसते हासले. पुनमच पुढं आली. घड्याळ काढून बापाच्या हातात देल्लं, अन् आमच्या डोंग्यातलं पानी उपसाले बसली. मंग साहेबबी हो म्हनले.

मी पाळीवरून घसा फाटेपर्यंत बोंबलून राह्यली. फायबरच्या डोंग्यात डिंपल सरसर पुढं गेली. मले वाटलं, झालं काम! तं अर्ध्यातून पुनमनं मान खाली घातली, अन् काय वल्हं मारलं वो माय! आमचा डोंगा असा पळते हे मलेच ठाव नव्हतं. काठाले आधी तोच लागला.

डोंगे बदला म्हननारी मीच. धनराजभाऊ माह्याकडं पाहून राह्यले होते. मी म्हनलं, "पाहता काय भाऊ, पोट्टीले पानी पाजा, दमली ते."

मले वाटलं, डिंपल आता रडन. तं हे पोट्टी दात काढत पान्यातून बाहेर आली.

"काऊन हासतं व? जागा गेली ना!"

"गेली तं गेली, आई. मघाशी मले डोंग्यानं हरवलं. त्याले मी काय करू? आता पुनमनं हरवलं."

"मंग?"

"पुनमले मी हरवू शकीन."