शेततळ्याची किल्ली

माझ्या सासऱ्यांनी, सांबप्पांनी, शेततळ्याला कुंपण घातलं ते माझ्या कटकटीला कंटाळून. आम्ही शेतातच राहतो आणि तळं घरापासून हाकेच्या अंतरावर. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की आत पडलेलं कुत्रंसुद्धा वर येत नाही. आणि माझी लहानगी लेक त्रिवेणी दिवसभर अंगणात मोकळी. तळ्याला कुंपण पाहिजे असा नियमच आहे, मी तोच धरून बसले. शेवटी पुरुषभर उंच जाळी आली, फाटक आलं, कुलूप आलं. मग कुठं मला दुपारचा डोळा लागायला लागला.

येळवशीच्या, शेतपूजेच्या अमावस्येला मात्र मामांनी सकाळीच कुलूप काढलं.

"मामा, फाटक लावा ना."

"येळवशीला? आज शेतात कुणाला अडवत न्हाईत, स्वप्ना. आन् पाण्याला बी आंबील शिंपडायची असती. जाळीभायेरून शिंपडू का?"

"शिंपडा आन् लगेच लावून घ्या."

"सांजेपस्तोर ऱ्हाऊ दे उघडं. लक्ष्मी फिरती शिवारात. तिच्या तोंडावर कुलूप लावायचं व्हय?"

किल्ली त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. मी तोंडातल्या तोंडात बडबडत भज्जी वाढायला गेले. पूर्णेहून पाहुण्यांची जीप आलेली. चारचौघांत सासऱ्याच्या खिशात हात घालता येतो का कुठं?

कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसली. हसणं, आग्रह, कुणाच्या हातात कुणाचं लेकरू. प्रत्येकाला वाटलं, त्रिवेणी दुसऱ्या कुणाजवळ आहे. मलाही वाटलं. ताटं उचलताना तिचं ताट दिसलं. बाजरीचा अर्धा उंडा तसाच होता.

माझा नवरा सोमेश्वर दोर बांधून तळ्यात उतरला आणि तिला वर घेऊन आला. शेवाळावर तिच्या बोटांच्या रेघा होत्या, खालपासून वरपर्यंत. लेकरू किती झगडलं असेल, आणि मी तिकडं पाहुण्यांना आंबील घ्या, आंबील घ्या करत होते.

पंचनाम्याला तलाठी आले. त्यांनी जाळीची उंची मोजली, खांब हलवून बघितले.

"कुंपण नियमानं हाय," ते म्हणाले. "कुलूप?"

"हाय की," मामा म्हणाले.

होतंच. फाटकाच्या साखळीला उघडं लटकत होतं.

आमच्या लिंगायतांत पुरतात. दवाखान्यातून आणल्यावर शेताच्याच कोपऱ्यात खड्डा घेतला, त्रिवेणीला त्यात बसवलं. विधीला आलेल्या जंगम स्वामींनी विभूती मागितली. मामांनी पुडीसाठी खिशात हात घातला आणि पुडीबरोबर किल्ली बाहेर आली. तोच सदरा होता. सगळे त्या किल्लीकडं बघत राहिले.

मी म्हणाले, "मामा, लक्ष्मी आली का हो फाटकातून?"

सासूबाई शांतम्मांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो झटकला. मामांनी मान खाली घालून किल्ली माझ्यापुढं धरली. मी घेतली, जाऊन कुलूप लावलं, मग माती लोटायला आले.

यंदा येळवशीला पाहुणे आले नाहीत. मामा आंबिलीचं मडकं घेऊन फाटकापाशी गेले आणि माझ्याकडं हात पसरला. किल्ली माझ्या कमरेला होती. मी दिली नाही.

त्यांनी बाहेरूनच आंबील शिंपडली. पाण्यापर्यंत ती गेलीच नाही, जाळीवर बसली आणि ओघळून त्यांच्या पायावर आली. ते रडायला लागले, म्हातारं माणूस, आवाज काढून. मी अंगणातून बघत होते. मला दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.