पोस्ट्यावरचा आळ

कुत्र्यांचे केस कापणाऱ्या ताईंचा हात हलका, असं सगळ्या गल्लीत बोललं जायचं. एका खोलीचं दुकान, मधोमध उंच टेबल, भिंतीवर नाना जातींच्या कुत्र्यांचा तक्ता. कुणाचे केस उन्हाळ्यातसुद्धा मुळापासून काढायचे नसतात, चपट्या नाकाच्याला गरम हवा का सोसत नाही, हे ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला न कंटाळता सांगत. बारा वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

त्या सकाळी टेबलावर मखमल होती, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांची कॉकर स्पॅनियल. या जातीचे कान लांब आणि लोंबते, त्यामुळे कानामागे केसांच्या गाठी होतात. गाठ बोटांनी सैल करायची, फणीने उकलायची. कात्री घालायची नाही, कारण गाठीबरोबर कातडीही वर ओढली जाते. शिकायला येणाऱ्या मुलींना ताई पहिल्याच दिवशी हे बजावत. पण बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळली होती, मखमल सारखी मान झटकत होती, आणि ताईंनी कात्री घातली.

मखमल केकाटली. कानाच्या मागे बोटाच्या पेराएवढा काप पडला होता.

ताईंनी कापूस दाबून धरला, रक्त थांबवायची पूड लावली आणि वरून केस विंचरून बसवले. काकू न्यायला आल्या तेव्हा त्यांनी वेळ मारून नेली. वर त्यांनाच ऐकवलं, "काकू, रोज फणी फिरवत जा हो. किती गाठी होऊ दिल्यात."

"चुकलंच माझं," काकू ओशाळून म्हणाल्या.

आठ दिवसांनी काका मखमलला घेऊन आले. कान सुजून टम्म झाला होता. डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि जखमेभोवतीचे केस काढून घ्यायला सांगितलं होतं.

"जखम चिघळलीय म्हणाले," काका स्टुलावर टेकत म्हणाले. "कुणी चावलं असेल किंवा काही लागलं असेल. आता आमच्या घरात चावायला दुसरं कोण आहे? पोस्ट्याच."

पोस्ट्याला ताई ओळखत होत्या. पोस्टाच्या पायरीवर सापडलेलं तांबूस, आखूड केसांचं गावठी कुत्रं. बादलीभर पाण्याने अंग धुतलं की त्याचं काम भागायचं, त्याला या दुकानात यावंच लागलं नव्हतं. दिवसभर तो काकांच्या दुकानातल्या बाकाखाली पडून असायचा आणि घरी मखमल त्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपायची.

"मग?" ताईंनी विचारलं.

"मग काय. ही म्हणाली, मखमल जातिवंत, हा शेवटी रस्त्यावरचा. पुढच्या महिन्यात नात येईल, रांगेल घरभर, भरवसा कसा धरायचा? साडूच्या गोदामावर दिला राखणीला." काकांनी चष्मा काढून पुसला. "गाडीत मुकाट्याने बसला. फिरायला निघालोय असं वाटलं असेल त्याला."

ताईंनी मखमलला टेबलावर घेतलं. त्यांनी जखमेभोवतीचे केस इतक्या जपून काढले की मखमल हललीसुद्धा नाही. "तुमचा हात लागला की कशी शांत राहते बघा," असं म्हणून काका गेले.

दोन दिवस ताईंना अन्न गोड लागलं नाही. काकांची नाही म्हटलं तरी साठी उलटलेली, त्यांना आता कशाला त्रास. मखमलचा कान तर बरा होतोय. गोदामात मोकळी जागा असेल, कुत्र्याला बरंच. अशी मनाची समजूत त्या घालत राहिल्या आणि एकही समजूत तासभर टिकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडताच त्या काकांच्या घरी गेल्या.

काका कामावर निघाले होते. काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"पोस्ट्या चावला नव्हता," ताई उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या. "माझी कात्री लागली होती. मी लपवलं."

काका दारात थबकले. काकूंनी हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"आणि त्या दिवशी मलाच बोललात."

"हो."

मग काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी त्याच्या पाठीत झाडू घातला होता. तो पळालाही नाही."

तिघंही गोदामावर गेली. पोस्ट्या फाटकाजवळ हातभर साखळीला बांधलेला होता. पाण्याचं भांडं कलंडून पलीकडे गेलं होतं. मानेभोवतीची कातडी सोलवटली होती. काकांना बघून तो उठला, शेपटी हलवली. मागून काकू दिसल्या तसा पोट जमिनीला टेकवून बसला.

साखळी काकांनी सोडली. मान ताईंनी तिथेच पाण्याने धुतली. त्यानंतर पंधरा दिवस त्या रोज सकाळी काकांकडे जाऊन मलम लावत होत्या. काका "या" म्हणत, पण पहिल्यासारखं बोलत नसत. मखमलला मात्र काकू केस कापायला दुसरीकडे नेऊ लागल्या. "राग नाही, पण मन धजत नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि ताईंनी मान डोलावली.

मानेची जखम भरली. मखमल पुन्हा पोस्ट्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपू लागली. काकू मात्र जवळ गेल्या की तो अजून अंग चोरायचा. शेवटच्या दिवशी काकू त्याच्यापासून दोन हात अंतरावर जमिनीवर बसल्या होत्या.

"विसरेल ना हो तो?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला कुत्र्यांचं कळतं."

विसरेल म्हणणं सोपं होतं. ताईंनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं.

"मला माहीत नाही, काकू," त्या म्हणाल्या. "काही विसरतात. काही नाही."

काकूंनी मान हलवली आणि त्या तिथेच बसून राहिल्या.