शेठ चोरी करायचं सोडतो

आमच्या सोफा दुरुस्तीच्या दुकानाचा खरा मालक शेठ. वय बारा, पोट सुटलेलं, पाठीवरचे केस विरळ आणि चोरीत एक नंबरचा कुत्रा. माझ्या हातातलं बिस्कीट गेलं, हे मला रिकाम्या बोटांवरूनच कळायचं.

वर्षभर आम्ही म्हणत राहिलो, म्हातारपण, दुसरं काय! पण गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कुशनवर पुन्हा शेठच्या लघवीची ओल दिसली तसे धाकटे दीर भडकले. "वहिनी, आता दुकानात एकतर हा राहील, नाहीतर मी!" रागारागात त्यांनी शेठचं पाण्याचं भांडंच फळीवर ठेवलं. शेठनं फरशी पुसायची बादली गाठली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! मी भांडं खाली काढलं आणि शेठ नि दीर, दोघांनाही प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात एक हार्मोन गरजेपेक्षा जास्त तयार होतंय. ही भूक, हे पोट, ही धाप, सगळं त्याचंच. लघवी जास्त होते म्हणून तो पाणी पितो, तेव्हा पाणी तोडू नका. आजार जायचा नाही, पण आटोक्यात राहील. रोज जेवणासोबत एक कॅप्सूल. मात्र जेवण टाकलं तर कॅप्सूल द्यायची नाही, लगेच मला फोन करायचा."

"हा आणि जेवण टाकणार?" दीर खो खो हसले.

औषध लागू पडलं. कुशनं कोरडी राहू लागली, दिरांची कुरकुर थांबली. मग एका सकाळी मी बिस्कीट घेऊन बसले, तर शेठनं मान वर केली नाही.

"पाहिलंत? लागलं की नाही वळण!" दीर कॅप्सूल घेऊन आले.

मी ताटलीत पाहिलं. अर्धं जेवण तसंच होतं. त्यांच्या हातातली कॅप्सूल मी हिसकावलीच. "बारा वर्षांत न लागलेलं वळण एका रात्रीत लागतं होय, भाऊजी?"

डॉक्टरीणबाईंना फोन करून आम्ही शेठला तसंच दवाखान्यात नेलं. जास्त असलेलं हार्मोन औषधानं आता फारच कमी झालं होतं. शेठला सलाईन लागलं. दीर दिवसभर त्याच्या शेजारून हलले नाहीत. "मी उगाच बोललो हो, वहिनी," एवढंच दोन-तीनदा म्हणाले.

शेठ घरी आला, काही दिवसांनी कमी ताकदीची कॅप्सूल सुरू झाली. तो जेवायचा, पण चोरी नाही. आमचा जीव टांगणीलाच.

एका दुपारी दिरांनी आपला जेवणाचा डबा उघडून बुटक्या स्टुलावर ठेवला आणि पाठ फिरवून फोम कापायला घेतला. तो फोम त्यांनी सकाळीच कापलेला होता. मागून चाटल्याचा आवाज आला, तरी ते वळले नाहीत.

"चोर आहे मेला," असं म्हणून त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "वहिनी, तुमच्या डब्यात काय आहे?"