दोन्ही डावेच

"हालबेरा, हे दोन्ही डावेच झालेत," मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

तिने बाराव्या जोडीचे हातमोजे, अंगठा वेगळा आणि बाकी बोटांना एकच पिशवी असलेले, टेबलावर पालथे ठेवले. दोन्हींचे अंगठे उजवीकडे. चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात सुरी चालवलेल्या माझ्या या शेजारणीचा हात चुकलेला मी कधी पाहिला नव्हता.

दर हिवाळ्यात तिचा एकच नेम. नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड गेला की सुया हातात घ्यायच्या आणि जानेवारीअखेर तो परत दिसेपर्यंत बंदरातल्या मच्छीमारांसाठी बारा जोड पुरे करायचे. जोड झाला की कॅलेंडरवर एक फुली. सूर्य येतो त्या दिवशी घरोघरी कॉफी आणि पातळ गोड धिरडी असतात, तेव्हा ती मोजे वाटते. यंदा त्या दिवशी, म्हणजे उद्याच, तिची मुलगी आल्दिस राजधानी रेक्याविकहून येणार होती, आणि ती काही नुसती धिरडी खायला येत नव्हती. हालबेरा दोनदा शेगडी बंद करायला विसरली होती. आणखी काही विसरलीस तर तुला शहरातल्या वृद्धाश्रमात नेईन, असं आल्दिसने बजावलं होतं.

"लपवून टाक," मी म्हटलं. "अकरा जोड काय कमी आहेत?"

"नेम बाराचा आहे."

रडू मला येत होतं, तिला नाही. मग तिने कात्री घेतली. मला वाटलं, आता उसवणार. पण तिने प्रत्येक मोज्याच्या दुसऱ्या काठाशी एकच टाका कापला, धागा ओढून फट केली, सुटलेले टाके सुयांवर घेतले आणि तिथून दुसरा अंगठा विणायला लागली. वल्ही मारणाऱ्यांचे मोजे तिच्या आजीच्या काळी असेच असत. तळवा झिजला की मोजा फिरवून घालायचा. मी ते साफ विसरले होते.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्या ग्रीमुरच्या वाट्याला तो जोड आला.

"यंदा मोज्यावर अंगठा फुकट वाटतं?" तो म्हणाला. सगळे हसले. आल्दिस हसली नाही, आईकडे बघत राहिली. मी थाप तयारच ठेवली होती, पण हालबेराने मला तोंड उघडू दिलं नाही.

"चुकून दोन्ही डावे विणले गं. डावं-उजवं कळेनासं झालंय मला," ती मुलीला म्हणाली. "पण चुकलेलं निस्तरता येतं अजून."

तेवढ्यात कुणीतरी सूर्य दिसल्याचं ओरडलं आणि आम्ही सगळे अंगणात गेलो. पंधरा मिनिटं ऊन होतं. आल्दिसने ग्रीमुरकडून मोजे मागून घेतले, घातले, काढले, हात बदलून पुन्हा घातले. दोन्ही वेळा नीट बसले.

घरात येऊन कॅलेंडरवरची बारावी फुली आल्दिसनेच मारली.

"आई, पुढच्या हिवाळ्याची लोकर याच पत्त्यावर पाठवू ना?"

हालबेरा धिरडं उलटत होती. शेगडी बंद करून मग ती वळली.

"करडी पाठव," ती म्हणाली. "पांढरी लवकर मळते."