डोरीनबाईंचं स्वयंपाकघर

टोरांटोच्या हंबर नदीकाठच्या घळीत डोरीनबाई दर रविवारी आम्हाला झाडं-पाखरं दाखवत हिंडवतात. एका वाकड्या मॅपलपाशी आलं, की सगळ्यांनी बूट काढायचे, अगदी ऑक्टोबरच्या गारठ्यातसुद्धा. चौपन्न सालच्या पुरात त्यांचं घर इथूनच वाहून गेलं. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आणि आमच्याकडे कॅनडात बूट घालून कुणी कुणाच्या घरात शिरत नाही.

काल आम्ही चिखलात मोजे भिजवून खंड्या बघत उभे होतो, तेवढ्यात उद्यान खात्याचा एक तरणाबांड माणूस नारिंगी जाकीट घालून धावत आला.

"बाई, पाटी दिसली नाही का? पुराचा धोका आहे, वाट बंद केलीय. निघा इथून!"

"आधी बूट काढ," डोरीनबाई कडाडल्या. "माझ्या स्वयंपाकघरात उभा आहेस तू."

"अहो, कसलं स्वयंपाकघर? ही नदीची जागा आहे!"

"नदीसुद्धा अशीच चिखलाच्या पायांनी आत घुसली होती. सत्तर वर्षं झाली, तिला मी अजून माफ केलेलं नाही. तू कोण लागून गेलास?"