एस्केलचा जिना

समुद्रावर वेंड टोळीच्या चाच्यांची शिडं दिसली, तसं बोर्नहोम बेटावरच्या त्या गावानं चुलीवरचं चुलीवर टाकून गोल चर्च गाठलं. मागच्या धाडीत जुनं लाकडी चर्च माणसांसकट जळालं होतं. म्हणून हे दगडी बांधलं. भिंतीला कुठं कोपरा नाही, मध्ये सगळा भार पेलणारा जाडजूड खांब, आणि वरच्या मजल्यावर जायला भिंतीच्या पोटातून एकच अरुंद जिना. तो बोथिल्डच्या नवऱ्यानं, एस्केल गवंड्यानं बांधला होता. ढालवाला माणूस यातून वर येऊन दाखवू दे, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगे.

"पोटुशीला पुढं जाऊ द्या रे," म्हणत सगळ्यांनी बोथिल्डला आधी जिन्यात घातलं. ही माया नडली. दिवस भरलेली ती बाई वळणावर अडकली ती अडकलीच. मागं लेकराबाळांसकट अख्खं गाव.

"श्वास सोड गं!" पाठीमागून शेजारीण गुन्वर ओरडली.

"सोडलाय की! पोट काय खुंटीला टांगू?"

कुणी हसलं नाही. आपल्यापायी एवढी माणसं मरणार, दुसरं काही बोथिल्डला सुचेना.

वर चाच्यांवर टाकायला दगड रचत असलेला एस्केल हाका ऐकून धावत वळणापाशी उतरला.

"यांना मागं सरकू दे," ती म्हणाली, "मी उतरते. हे वर येतील. मी खाली खांबाआड बसेन."

"गप. डोळे मीट."

त्यानं घण उचलला आणि वळणाच्या दगडावर घातला. तो दगड बसवताना त्यानं दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नव्हता. चिपा तिच्या गालाला झोंबत होत्या. अखेर कड निखळली, तो वाट देत वर सरकला आणि खरचटत का होईना, बोथिल्ड सुटली. तिच्यामागून गाव भराभर वर चढलं.

वर सगळ्यांत तिनं नवऱ्याला शोधलं. तो नव्हता. खाली दारावर कुऱ्हाडी पडायला लागल्या होत्या. ती जिन्याच्या तोंडाशी कशीबशी वाकली.

"एस्केल! वर ये ना रे!"

"आता ढालवाला मावतो गं इथून," अंधारातून त्याचा आवाज आला, अगदी रोजचा. "दगड काढला की तिथं काहीतरी भरावंच लागतं. मी उभा राहिलोय."