मागच्या खोलीचे चार फोटो

"भिंग कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस," असं माझे सासरे आम्हा सगळ्यांना एका सोफ्यावर कोंबून, कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले आणि त्यांनी लागोपाठ पाच-सहा फोटो काढले. मग सासूबाई म्हणाल्या, "अहो, टोपण काढा."

त्यांचा कॅमेरा जुन्या धाटणीचा. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर टोपण तसंच राहिलं तरी काढणाऱ्याला सगळं लख्ख दिसत राहतं. आमच्या घरातली भांडणंही साधारण याच पद्धतीने होतात.

या वेळचं भांडण एका खोलीवरून होतं. सासऱ्यांचा स्टुडिओ तळमजल्यावर आणि बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंचे गुडघे गेलेले. डॉक्टरांनी जिना बंद म्हणून सांगितलं, तेव्हा मेव्हण्याने जाहीर केलं की आईबाबांनी आता त्याच्याकडे राहायचं. त्याचं घर बैठं, मागे एक खोली रिकामी. "जाऊन बघायची गरज नाही, फोटो काढून आणलेत," म्हणाला.

हा मेव्हणा विकाऊ घरांचे फोटो काढतो. त्याच्याकडे एक रुंद भिंग आहे. ते लावून कोपऱ्यात उभं राहिलं की न्हाणीघरात वरात मावेल असं वाटतं. छापून आणलेला फोटो त्याने टेबलावर फिरवला. पलंग या टोकाला, खिडकी त्या टोकाला, मधे मैदान.

"ही खोली आहे की विमानतळ?" माझी बायको म्हणाली. ती त्याची थोरली बहीण, आणि तीही फोटोग्राफर.

"ताई, जागा आहे तेवढीच दिसतेय."

"कोपऱ्यातली बादली बघ. अंड्यासारखी लांबलीय. रुंद भिंगात कडेची वस्तू ताणली जाते, हे मला शिकवतोस? पाठ भिंतीला घासून काढलायस हा फोटो. सदऱ्याला चुना लागला असेल."

मेव्हण्याने नकळत पाठीवर हात फिरवला. तिथून आठवडाभर घरात शांतता म्हणून राहिली नाही.

बायकोला आईबाबा आमच्याकडे हवे होते. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, कधीकधी चालतेही. दुसऱ्या दिवशी ती आपलं लांब भिंग घेऊन निघाली. ते लांबचं जवळ ओढून आणतं. लोक त्याने पक्षी टिपतात, तिने भावाचं घर टिपलं. गल्लीच्या पार टोकाला उभं राहून काढलेल्या त्या फोटोत मागच्या खोलीच्या खिडकीला एक भली थोरली धुरकट चिमणी चिकटलेली होती.

"आई रोज हा धूर खाणार," तिने फोटो आपटला.

"ती बेकरीची चिमणी आहे," मेव्हणा कडाडला. "तीन गल्ल्या पलीकडे. लांब भिंग लावलं की मधलं अंतर मिटतं, हे मलाही कळतं. उद्या तू पलीकडच्या शहरातलं स्मशान आणून माझ्या अंगणात ठेवशील."

"ठेवीन की. जागा आहे ना तुझ्याकडे, विमानतळ आहे."

"दोघंही गप्प बसा," सासरे गरजले. "तुम्हाला धंदा येतो, फोटो येत नाही." त्यांना कुठेच जायचं नव्हतं. स्टुडिओचं शटर स्वतः उघडल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. तेही जाऊन आले, आपलं पन्नास मिलिमीटरचं भिंग घेऊन. हे भिंग ना ताणतं, ना ओढतं. माणसाच्या डोळ्याला दिसतं तसंच दाखवतं, असं त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलेलं. दारात उभं राहून काढलेल्या त्यांच्या फोटोत अर्धा पलंग, एक कडी आणि भिंत आली.

"बघा. एवढीच खोली आहे. डोळ्याला एवढीच दिसते."

"बाबा, डोळ्याला मान असते," मेव्हणा म्हणाला. "ती वळते."

"मला मान शिकवू नकोस. तुझे दुधाचे दात मी याच भिंगाने काढलेत."

दात म्हटल्यावर सगळे माझ्याकडे वळले. मी दंतवैद्य. दवाखान्यात माझ्याकडे अगदी जवळून टिपणारं भिंग असतं, दाढेतली कीड दिसावी म्हणून. "तुम्ही तटस्थ आहात," बायको म्हणाली. आमच्या लग्नात ही तिने केलेली सगळ्यात गंभीर चूक. मी गेलो, भिंतीवर वाटाण्याएवढा ओलीचा डाग दिसला, तो टिपला. फोटो मोठा केल्यावर त्यात हिरवं रान होतं. कुठेतरी वाघ असावा.

"खोली कुजतेय," बायको म्हणाली.

"भावोजी, तुम्हीसुद्धा?" मेव्हणा म्हणाला.

"जावईबापू, हे एक बरं केलंत," सासरे म्हणाले.

मी म्हणालो की डाग लहान आहे. कोणी ऐकलं नाही. फोटोत तो लहान नव्हता.

मग जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. मेव्हण्याने बहिणीला कारस्थानी म्हटलं. बहिणीने त्याला दलाल म्हटलं. सासऱ्यांनी दोघांना नालायक म्हटलं आणि मला, मी पुढे काहीच बोललो नाही म्हणून, घुमा म्हटलं. चार फोटो टेबलावर पत्त्यांसारखे पडले होते आणि जो तो आपलाच हुकूम आहे म्हणून ओरडत होता.

सासूबाई त्याच टेबलाशी शेंगा सोलत होत्या. आठवडाभर प्रत्येकाने आपला फोटो त्यांच्यासमोर नाचवला होता आणि प्रत्येकाला त्या "बरं" म्हणाल्या होत्या. आता त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. शेंगा उडाल्या.

"राहायचं कोणी?" त्या म्हणाल्या.

सासरे उडालेल्या शेंगा गोळा करू लागले.

"तू फोटो काढलास. तू जाऊन आलीस. हे गेले. हा दात काढणारासुद्धा जाऊन आला. जिला त्या खोलीत मरेपर्यंत झोपायचंय तिला एकाने तरी नेलं? माझे गुडघे गेलेत, डोकं नाही गेलेलं."

"आई, जिना तुला झेपणार नाही म्हणून..."

"बाजूला हो."

आणि त्या होत्या तशा उठल्या. कठडा धरून, आडव्या होत, एकेक पायरी उतरल्या. प्रत्येक पायरीवर तोंडातल्या तोंडात एकेकाचा उद्धार चालला होता. मेव्हण्याने हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. सासरे सवयीने कॅमेरा गळ्यात अडकवून आले होते. "ते गळ्यातलं आधी काढा," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी काढला.

मेव्हण्याच्या घरी त्या थेट मागच्या खोलीत गेल्या. पलंगावर बसल्या. हात लांब केला, भिंतीला लागला. पाय लांब केला, बादलीला लागला. बादली गोलच होती. मग उठून घरभर हिंडल्या आणि रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत थांबल्या. तिथे ऊन होतं, वारा होता आणि मेव्हण्याचा संगणक, दिवे, छत्र्या, असा सगळा पसारा होता.

"मी इथे राहीन," त्या म्हणाल्या.

"आई, इथे माझं काम चालतं."

"ते मागे हलव. ऐसपैस आहे. मी फोटो पाहिलाय."

माझ्या बायकोने तोंड फिरवून हसू दाबलं.

"तू दात काढू नकोस. तुझ्या लिफ्टची वाट बघत मी खाली किती वेळ उभी असते, त्याचा काढलास कधी फोटो? आणि तुम्ही," त्या सासऱ्यांकडे वळल्या, "शटर उघडायला रोज सकाळी इथून चालत जा. पोट कमी होईल. तेही तुमच्या पन्नासात मावत नाही."

सासऱ्यांनी बराच विचार करून मान डोलावली. मेव्हणा संगणकाच्या वायरी काढायला वाकला. वाकल्या वाकल्या त्याचा राग अजून धुमसत होता. बायकोचाही. पण खोली ठरली होती.

सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि डोळे बारीक करून खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आता कोणीतरी घरी जाऊन माझा चष्मा घेऊन या. मला अजून यातलं काहीच नीट दिसलेलं नाही."